गाडीपुढची पडवी आणि दिव्यांची माळ

कॅम्पर व्हॅन मुक्कामाच्या जागी उभी राहिली, चाकांमागे दगड लावले, बाजूचे कापडी छत ओढून त्याचे दोन पाय जमिनीवर टेकवले आणि खुर्च्या मांडल्या, की गाडीच्या पुढ्यात सुमारे तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशी एक पडवी तयार होते. दिवसा तिचे महत्त्व फारसे जाणवत नाही, कारण दिवसा माणसे तळ्याकाठी, गडावर नाहीतर झाडाखाली असतात. दिवस मावळला, की मात्र सगळा संसार तिथे येऊन बसतो. भाजी चिरणे, चहा, पत्त्यांचा डाव, मुलांची जेवणे आणि मोठ्यांच्या गप्पा हे सारे त्या एवढ्याशा जागेत चालते. गाडीतला दिवा दारापलीकडे जेमतेम हातभर पोहोचतो. विजेरी टेबलावर ठेवली तर ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते आणि कपाळावरची विजेरी लावून जेवायला बसले, तर मान वर करणारा प्रत्येक जण बाकीच्यांचे डोळे दिपवतो. दिव्यांच्या माळेची गरज इथे सुरू होते.

बाजारात माळ शोभेची वस्तू म्हणून मिळते आणि बहुतेक जण ती तशीच विकत घेतात. माझे मत थोडे निराळे आहे. व्हॅनपुढची माळ ही आधी उजेडाची सोय आहे आणि तिची निवड आपल्या बॅटरीकडे व मुक्कामाच्या जागेतल्या काळोखाकडे पाहून करायची असते. या दोन्हींशी ती जुळली, की शोभा वेगळी आणावी लागत नाही. याउलट केवळ शोभेसाठी आणलेली माळ मध्यरात्रीपर्यंत बॅटरी खाली करते, शेजाऱ्याच्या तंबूत शिरते आणि ज्या आकाशासाठी आपण शहर सोडून आलो ते आकाशच पुसून टाकते.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत गणपतीच्या आधी चक्कर मारली, तर माळांचे असंख्य प्रकार टांगलेले दिसतात. त्यांतले बरेचसे व्हॅनसाठी तिथेच बाद करावेत, कारण ते थेट घरच्या २३० व्होल्टवर चालणारे असतात. माळ आणि घरची वीज यांचे नाते तसे जुने आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे तारेवर लावले होते. आपल्याकडच्या जुन्या माळांत सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकसर जोडून घरच्या विजेची बेरीज जमवलेली असे. त्यामुळे एक दिवा गेला, की सगळी माळ मालवत असे आणि दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी घरातले कोणीतरी एकेक दिवा हलवून पाहत बसलेले असे. आता एलईडीमुळे तो उद्योग संपला असला, तरी २३० व्होल्टची सवय मात्र राहिली आहे, आणि व्हॅनमध्ये तीच सवय महागात पडते.

कशी, ते आकड्यांनी पाहू. आमच्या गाडीत घरगुती वापरासाठी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी अशी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. तिचा नाममात्र दाब १२.८ व्होल्ट धरला, तर तिच्यात सुमारे १२८० वॅट-अवर वीज मावते. एकेक वॅटचे १५ एलईडी बल्ब असलेली माळ रोज पाच तास लावली, तर ७५ वॅट-अवर खर्च होतात, म्हणजे बॅटरीचा सोळावा-सतरावा हिस्सा. एवढ्याने काही बिघडत नाही. आता हॉटेलांच्या गच्चीवर दिसणाऱ्या, तारेचे वेटोळे लालसर तापलेले दाखवणाऱ्या जुन्या धर्तीच्या ११ वॅटच्या बल्बांची तेवढीच माळ घेतली, तर खर्च ८२५ वॅट-अवरवर जातो. त्यात बॅटरीची वीज २३० व्होल्टवर नेणाऱ्या इन्व्हर्टरमधली गळती धरली, की एका संध्याकाळीच जवळजवळ पाऊण बॅटरी संपते आणि रात्री फ्रिज व पंखा यांपैकी काय बंद करायचे, यावर घरात चर्चा सुरू होते. ज्यांच्याकडे जुनी शिसे-आम्लाची बॅटरी आहे, त्यांनी तर हा विचार मनातही आणू नये, कारण तिची अर्धीच क्षमता वापरावी असा संकेत आहे. अर्ध्याखाली वारंवार गेले, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

एलईडी आहे म्हणून २३० व्होल्टची माळ इन्व्हर्टरवर लावली तर चालेल का, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. चालते, पण तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एक किलोवॅटचा साधारण इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला, तरी १० ते १५ वॅट खातो. म्हणजे १५ वॅटच्या माळेसाठी जवळपास तेवढीच वीज आपण एका डब्याला गुणगुणत ठेवण्यासाठी देतो. त्यापेक्षा बॅटरीच्या १२ व्होल्टवर थेट चालणारी माळ, किंवा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारी बारीक तांब्याच्या तारेची माळ, हेच दोन पर्याय खरे. तांब्याच्या तारेची माळ फार देखणी असते. वीजरोधक पातळ लेप दिलेल्या तारेवर राळेच्या थेंबांत बसवलेले एलईडी दूरून तार न दिसता नुसते तरंगताना दिसतात. शिवाय यूएसबीच्या खाचेतून येणारा दाब बॅटरीच्या चढउतारांपासून मोकळा, कायम ५ व्होल्ट असतो. मात्र तिचा उजेड जेवण्यापुरता पडत नाही आणि तार इतकी नाजूक असते, की वाऱ्यात छताच्या कडेवर घासून तिचा लेप निघतो. ती गाडीच्या आत, पडद्याच्या वर किंवा फडताळाच्या कडेला शोभते. बाहेर मला १२ व्होल्टची जाड तारेची, अंतराअंतरावर बल्ब लोंबणारी माळच पसंत आहे. रिळात गुंडाळलेली आणि आतच बॅटरी असलेली माळ हल्ली बरीच खपते. तंबूवाल्यांना ती सोयीची आहे, पण ज्यांच्या गाडीत मोठी बॅटरी आहे, त्यांनी आणखी एक छोटी बॅटरी रोज भरत बसण्यात अर्थ नाही. सौर माळेबद्दल थोडक्यातच सांगते. तळहाताएवढे पॅनेल, आत १.२ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि आपण गाडी मुद्दाम सावलीत लावलेली, या तिन्हींचा मेळ बसत नाही.

बारा व्होल्टच्या माळेची एक खोड मात्र समजून घेतली पाहिजे, कारण घरच्या विजेवर वाढलेल्या माणसाला ती ठाऊक नसते. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १० मीटर लांब १५ वॅट न्यायचे असतील, तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते आणि तेवढ्यात जवळजवळ एक व्होल्ट गळतो. घरच्या विजेवर त्याच तारेतून तेवढेच वॅट नेले, तर गळती मोजावीशीही वाटत नाही, कारण तिथे विद्युतप्रवाह वीसपटीने कमी असतो. बारा व्होल्टमधून एक गेला, तर शेवटचे दिवे पहिल्या दिव्यांपेक्षा मंद दिसतात आणि माळ एका टोकाला दमल्यासारखी वाटते. त्यावर उपाय दोन आहेत. गाडीपासून माळेपर्यंतची वायर जाड, निदान १.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि शक्य असेल तर माळेला मध्यावर वीज द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मीच लांबी राहते. दुसरा उपाय करायला जोडणी उघडावी लागते, पण दिसण्यात जो फरक पडतो तो त्या खटाटोपाच्या मोलाचा आहे.

दाब कमी पडतो तसा जास्तही होतो. इंजिन चालू असताना किंवा दुपारी सौर पॅनेल जोरात असताना बॅटरीच्या टोकांवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब चढतो. स्वस्त माळेत तीन एलईडी आणि प्रवाह आवरणारा एक रोध (रेझिस्टर) एवढाच मामला असतो, त्यामुळे दाब चढला की एलईडीतून ठरल्यापेक्षा बराच जास्त प्रवाह जातो आणि ते आयुष्य संपण्याआधीच काळपटतात. बॅटरी आणि माळ यांच्यामध्ये कायम १२ व्होल्ट देणारा एक छोटा कन्व्हर्टर बसवला, की ही चिंता मिटते. काडेपेटीहून थोडा मोठा, राळेत बंद केलेला हा डबा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वायरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. आमच्या गाडीची माळ त्यांनी पाहिली तेव्हा रंग, उंची, शोभा यांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सूनबाई, फ्यूज कुठे आहे?" बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून त्याला खेळणे समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. झटका बसत नाही हे खरे, पण लिथियमची बॅटरी शॉर्टसर्किट झाल्यास क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते आणि तेवढ्यात बारीक वायर लाल होऊन तिच्यावरचे प्लॅस्टिक पेट घेते. सरकत्या दाराच्या फटीतून वायर काढून दार रोज तिच्यावर आपटायचे आणि एक दिवस आवरण फाटायची वाट पाहायची, हा प्रकार मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. माळेची लाइन बॅटरीच्या धन टोकाशी, शक्य तितक्या जवळ, तीन अँपिअरच्या फ्यूजमधून निघाली पाहिजे. पत्र्यातून बाहेर पडताना तिला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारे कडे, हवा आणि बाहेर झाकणाचे, पाणी न शिरणारे सॉकेट हवे. फ्यूज हा दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो, हे अण्णांचे म्हणणे मी तेव्हापासून व्हॅनवाल्या प्रत्येक मित्राला सांगत आले आहे.

आता माळ टांगण्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त हौस आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. माळ सरळ रेषेत, तारेसारखी ताठ ओढावी असे प्रत्येकाला वाटते, आणि तसे करू नये यामागे सौंदर्यापेक्षा गणित अधिक आहे. समजा, सहा मीटर अंतरावर माळ बांधायची आहे आणि तिचे वजन मीटरला २०० ग्रॅम आहे. मध्यभागी ३० सेंटिमीटर झोळ सोडला, तर दोन्ही टोकांवर सुमारे तीन किलो वजनाइतका ताण येतो. झोळ १० सेंटिमीटरवर आणला, की ताण नऊ किलो होतो, आणि तीनच सेंटिमीटर ठेवला, तर तीस किलो. झोळ जितक्या पटीने कमी करावा, तितक्या पटीने ताण वाढत जातो. तीस किलोचा ताण छताचा ॲल्युमिनियमचा पाय वाकवायला पुरेसा आहे, आणि वारा सुटला की त्यात आणखी भर पडते. म्हणून झोळ हातभर सोडावा. तो दिसतोही छान. ज्यांना सरळ रेषाच हवी असेल, त्यांनी आधी एक नायलॉनची दोरी ताणून बांधावी आणि माळ तिला जागोजागी अडकवावी, म्हणजे ओढ दोरीवर येते, वायरीच्या सांध्यांवर येत नाही.

गाठींच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. माळेला निरगाठ कधीही मारू नये. सह्याद्रीत मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो, तेव्हा आधी पाच मिनिटे नुसता वारा येतो, धूळ उठते, आणि त्या पाच मिनिटांत गाडीचे कापडी छत गुंडाळले नाही तर ते शिडासारखे भरून आपल्या पायांसकट उलटे गाडीवर जाते. अशा वेळी छताला माळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली असेल, तर कात्री शोधण्यात वेळ जातो. आमची माळ छताच्या कडेच्या खाचेत सरकणाऱ्या छोट्या आकड्यांवर लोंबते आणि फक्त शेवटच्या टोकाला सुरगाठ असते. ते टोक ओढले, की माळ उजव्या हातात आणि छताचा दांडा डाव्या हातात, असे एकाच फेरीत काम होते. झाडाला बांधायची वेळ आली, तर खिळा मारण्याचा प्रश्नच येत नाही. रुंद कापडी पट्टा खोडाभोवती घ्यावा आणि निघताना आठवणीने काढावा. आकड्यांवरून आठवले: गावाजवळच्या मोकळ्या रानात मुक्काम असला, की जवळच्या खांबावरून लाइन घेऊन देतो असे सांगणारा एखादा उत्साही गृहस्थ भेटतोच. त्याला चहा द्यावा आणि आकडा टाकू देऊ नये.

जिथे रीतसर वीज मिळते, तिथली गोष्ट वेगळी. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या कॅराव्हॅन पार्कांचाही विचार केला. खासगी जागांवरही आता पैसे घेऊन वीज देतात. ती घ्यावी आणि बॅटरी भरावी. पण माळ मात्र १२ व्होल्टवरच ठेवावी, कारण ओल्या गवतावर अनवाणी मुले पळत असताना त्यांच्या डोक्यावरून २३० व्होल्टची सजावटीची वायर जाणे मला मान्य नाही. पवना धरणाच्या काठी मी अशा वायरी गवतातून, तंबूच्या खुंटांना वेढे घेत गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि सांध्यांवर नुसती चिकटपट्टी असते. जागेच्या मालकाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. गळती झाल्यास माणसाला इजा होण्याआधी वीज तोडणारे ते साधन आहे, आणि ते नसेल तर आपली गाडी त्या खांबाला जोडायची की नाही, हे आपण ठरवू शकतो.

खोक्यावरच्या आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धूळ आणि घन वस्तूंबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. ४४ म्हणजे शिंतोड्यांपुरती सोय, ६५ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि पाण्याची धार सोसेल, ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी चालेल. छताखाली टांगायची असेल तर ४४ पुरते, असे सांगणारे मला कोकणात पावसाळा काढलेले वाटत नाहीत. तिथे पाऊस आडवा येतो. मी ६५ च्या खाली जात नाही, आणि प्रत्येक बल्बाचे तोंड खाली राहील असे पाहते, म्हणजे सॉकेटमध्ये पाणी साठत नाही. बल्ब काचेचे नकोत, हे वेगळे सांगायला नको. फुटलेल्या काचेचे तुकडे गवतातून वेचणे अशक्य असते.

उजेडाचा रंग हा वादाचा विषय आहे आणि त्यात माझी बाजू ठाम आहे. खोक्यावर २२०० किंवा २७०० केल्व्हिन लिहिले असेल, तर उजेड पिवळसर, कंदिलाच्या जवळचा असतो. ६५०० लिहिले असेल, तर तो निळसर पांढरा, दवाखान्याच्या व्हरांड्यातला असतो. पांढऱ्यात जास्त दिसते ही समजूत जेवणाच्या टेबलापुरती खोटी आहे, कारण तिथे उजेड फारसा लागतच नाही. डोळा काळोखाला पूर्ण सरावायला वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ घेतो, आणि झगझगीत पांढऱ्या दिव्याकडे एकदा पाहिले, की तो सराव जवळजवळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो. पिवळसर आणि मंद माळ असली, तर ताटातले दिसते आणि मान वळवली की डोंगराची कडही दिसते. म्हणूनच उजेड कमी-जास्त करण्याचे बटण हवे, आणि नाचऱ्या दिव्यांचे आठ प्रकार दाखवणारे बटण नको. दर वेळी लावताना आठही नाच पार करून स्थिर उजेडापर्यंत पोहोचणे ही शिक्षा आहे.

बल्ब पारदर्शक घ्यावा की दुधी, याचे उत्तर छायाचित्रे आणि प्रत्यक्ष वापर यांत वेगवेगळे मिळते. पारदर्शक बल्बातल्या चमकत्या रेषा फोटोत सुंदर येतात, पण खुर्चीत बसल्यावर त्याच रेषा समोर डोळ्यांच्या पातळीच्या किंचित वर येऊन टोचतात. दुधी बल्ब तेवढाच उजेड पसरून देतो. माझ्या मते, त्याहूनही महत्त्वाची आहे ती माळेची जागा. बहुतेक जण छताच्या बाहेरच्या कडेला माळ लावतात, त्यामुळे निम्मा उजेड बाहेर, म्हणजे शेजाऱ्याकडे आणि रानात जातो आणि बसलेल्यांना समोर दिव्यांच्या पडद्यापलीकडे काहीच दिसत नाही. तीच माळ आतल्या बाजूला, गाडीच्या अंगाला लागून, छत जिथून निघते तिथे लावून पाहावी. उजेड गाडीच्या फिकट पत्र्यावरून परतून टेबलावर येतो, दिवे पाठीमागे राहतात आणि समोरचा काळोख आपला आपल्याला मिळतो. पायांसाठी हवा असेल तर एक छोटा, खाली तोंड केलेला दिवा पायरीशी पुरतो. तंबूच्या ताणदोऱ्यांना अडखळून पडणाऱ्यांसाठी मात्र माळेपेक्षा दोरीवर बांधलेली पांढरी फीत अधिक उपयोगी पडते.

किड्यांचा उपद्रवही रंगाशी बांधलेला आहे. निळ्या आणि अतिनील लहरींकडे कीटक जास्त ओढले जातात, त्यामुळे पिवळसर माळेवर ते पांढऱ्याच्या मानाने कमी येतात. ते दिव्याभोवती का घिरट्या घालतात, यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळा उजेड टाकला. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांवरून असे दिसले, की कीटक जवळच्या दिव्याकडे पाठ करतात. रात्री आकाश हेच सर्वांत उजळ असते आणि पाठ आकाशाकडे ठेवली की वर-खाली कळते, ही त्यांची रीत. आपण दिवा लावला की त्यांचे आकाशच बाजूला सरकते. वर तोंड केलेल्या दिव्यावरून जाणारा कीटक उलटा होऊन खाली आदळतो, तोही यामुळेच. पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरे झुंडीने येतात, तेव्हा मात्र कोणताच रंग उपयोगी पडत नाही. त्या संध्याकाळी माळ बंद करावी, पडवीपासून वीस-पंचवीस पावलांवर एकच दिवा ठेवून त्याखाली पाण्याची परात ठेवावी आणि जेवण गाडीत उरकावे. तासाभरात त्यांचा जोर ओसरतो, आणि टेबलावर पंखांचा थर साचायचा वाचतो.

काही जागी तर माळ पिशवीतून काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेरपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजव्यांचे दिवस असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उघडझाप करतात. तो प्रकाश ही त्यांची बोली असते. नर चमकतो, मादी उत्तर देते आणि जोडी जमते. आजूबाजूला दुसरा उजेड असला, तर हे बोलणे ऐकू जात नाही, म्हणजे दिसत नाही, आणि ज्यांचे प्रौढपणच काही आठवड्यांचे आहे, त्यांच्यासाठी एक रात्र वाया जाणे ही थोडी हानी नव्हे. काजवे पाहायला येऊन गाडीपुढे माळ लावणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करते आणि बहुतेक जण ऐकतात. एकदा एक काका म्हणाले, "अहो ताई, पण आम्ही पिवळी लावली आहे." पिवळीही नको. काजव्यांचा स्वतःचा उजेड पिवळसर हिरवाच असतो.

कोकणात समुद्रकाठी हाच नियम वेगळ्या कारणाने लागतो. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पिल्ले समुद्राकडे निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू रात्रीच्या काळोखात सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालते. निसर्गतः ते समुद्राचे असते, माळ लावली तर ते आपल्या गाडीचे होते. मादीही उजळलेला किनारा टाळते. त्यामुळे अशा गावी गाडी वाडीत, सुरूच्या किंवा नारळीच्या आड लावावी, किनाऱ्याकडची बाजू पूर्ण अंधारी ठेवावी आणि खिडक्यांचे पडदे ओढावेत. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा भोवतालच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवण्यात आले होते. जिथे गावाने आपले रस्त्यावरचे दिवे वळवले, तिथे पाहुण्याने आपली माळ आवरायला काहीच हरकत नसावी.

पवनेच्या काठी मात्र मी माळ बिनदिक्कत लावते. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या त्या जलाशयाभोवती शनिवारी रात्री तंबूंचे जे नगर उभे राहते, त्यात आमच्या पंधरा बल्बांनी काळोखाचे आणखी काही बिघडत नाही. तिथे त्रास दिव्यांपेक्षा ध्वनिवर्धकांचा अधिक आहे. तरीही दहा वाजता माळ मालवायची, हा आमचा नेम आहे, आणि त्यासाठी घरच्या गीझरला असतो तसा १२ व्होल्टचा टायमर मी लाइनमध्ये घातला आहे. गप्पा रंगलेल्या असताना दिवे बंद करण्याचा वाईटपणा कोणाकडे येत नाही. कोजागिरीला आणि त्याच्या आगेमागे दोन दिवस तर लावण्याचा प्रश्नच नसतो, कारण मसाला दुधाच्या पातेल्यात चंद्र दिसला पाहिजे.

सकाळी निघताना माळ कशी गुंडाळली जाते, यावर तिचे आयुष्य ठरते. कोपरावर गोल गोल वेढे घेतले, की प्रत्येक वेढ्याला वायरीला एक पीळ बसतो आणि पुढच्या मुक्कामी अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या फळीवर आठच्या आकारात गुंडाळले, तर एका वेढ्याचा पीळ दुसऱ्या वेढ्यात सुटतो. दव पडले असेल तर बल्ब आधी फडक्याने पुसून घ्यावेत, कारण ओली माळ बंद पिशवीत दोन दिवस राहिली, की सॉकेटच्या पितळेवर हिरवा थर धरतो.

नवीन माळ घेणाऱ्यांनी दुकानातच ती १२ व्होल्टच्या सप्लायवर, पूर्ण लांबी उलगडून लावून दाखवायला सांगावी. दुकानदार कुरकुरतो, पण दाखवतो. शेवटचा बल्ब पहिल्याइतका उजळ आहे का, सॉकेटच्या तळाशी रबराची चकती आहे का आणि बल्ब बदलता येतात का, एवढे पाहावे. न बदलता येणारी माळ कितीही स्वस्त असली, तरी परत टांगायला सांगावी, आणि बदलता येणारी घेतली, तर त्याच दुकानातून त्याच रंगाचे चार बल्ब जास्तीचे घ्यावेत, कारण पुढच्या वर्षी तोच पिवळा रंग पुन्हा मिळेल याची खात्री तपकीर गल्लीत कोणी देत नाही.